हुकावरची जाकिटं

परवा रात्री जेवणं उरकल्यावर धाकटीनं दप्तरातून एक कागद काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. नववीची सहल. दोन दिवस, समुद्र, एक किल्ला आणि परतीच्या वाटेवर धरणाच्या पाण्यात बोटिंग. कागदाच्या तळाला, पालकांच्या सहीच्या बरोबर वर, बारीक अक्षरात एक ओळ होती: बोटिंग व पाण्यातील इतर प्रकार विद्यार्थी स्वतःच्या जबाबदारीवर करतील.

"पप्पा, सही. उद्या शेवटचा दिवस हाय."

मी म्हटलं, ठेव तिथं, सकाळी करतो. ती गेली. बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "एवढं काय वाचताय त्यात? सगळ्यांनी केल्यात सह्या." माझा हात का अडला ते तिला ठाऊक आहे. तरी विचारते.

माझं कुशनचं दुकान आहे, कोल्हापुरात, उद्यमनगरात. ट्रॅक्टरच्या आणि टेम्पोच्या सीटा, रिक्षाची हुडं, ताडपत्र्या, गाड्यांची कव्हरं. एकतीस वर्षं मशीनवर बसतोय. बोटीशी माझा धंद्याचा संबंध एकदाच आला, त्याचं पुढं सांगतो. पाण्याशी मात्र लहानपणापासूनचा आहे. प्रयाग चिखली हे माझं आजोळ. पंचगंगा जिथं सुरू होते ते गाव. तिथं मामाच्या विहिरीत मी पोहायला शिकलो. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि मामा वरून ढकलून द्यायचा. नाकातोंडात पाणी जायचं, वर यायचो, परत ढकलायचा. आठ-दहा दिवसांनी एके सकाळी तो भोपळ्याची दोरी सोडायचा, म्हणायचा, "जा आता." एक नियम कडक होता. दोरी सोडायची ती मामानंच. एखाद्या पोरानं फुशारकीनं स्वतः सोडली की आठवडाभर विहीर बंद. माझ्या मावसभावाला ही शिक्षा दोनदा झाली, आणि काठावर बसून आमचे मुटके बघत तो रडायचा.

अशी शिकलेली माणसं पाण्याला भीत नाहीत. हाच आमचा मोठेपणा आणि हीच आमची खोड. पंचगंगा पात्राबाहेर आली की शिवाजी पुलावर निम्मं कोल्हापूर पाणी बघायला जमतं, आणि पोलीस उभे असतानाही कुणीतरी कठड्यावरून उडी टाकतोच. सगळे ओरडतात, टाळ्या पडतात. तो खाली कुठंतरी काठाला लागून चिखलानं माखून परत येतो. म्हणजे बहुतेक वेळा येतो. त्याला कुणी काही म्हणालंच तर उत्तर ठरलेलं, "काय हुतंय?" हेल्मेटचा विषय निघाला की हेच, सिग्नलचा निघाला की हेच. सक्ती म्हटलं की आमच्याकडं आधी कृती समिती होते, नियम नंतर वाचतात. टोल घालवलेलं गाव आहे, त्याचा अभिमान मलाही आहे. पण टोल घालवला म्हणून डोक्याचं हाड टणक होत नाही.

हेल्मेट न घालणाऱ्या माणसाचं म्हणणं मला एका हद्दीपर्यंत पटतं. डोकं माझं, फुटलं तर माझं. (घरच्यांचं काय, हा प्रश्न बायकोनं विचारू नये म्हणून कंसात.) बोटीत ते चालत नाही. बोटीत कुणाचा निष्काळजीपणा त्याच्या एकट्याचा राहतच नाही. हे मला शहाणपणानं कळलेलं नाही, गुळाच्या काहिलीत बसून कळलंय.

२००५ चा पूर. मामाचं गुऱ्हाळ होतं. पाणी वाड्याच्या जोत्याला लागलं तेव्हा त्यानं आणि गड्यांनी काहील बाहेर काढली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी: उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, चार-पाच माणसं मांडी घालून बसतील एवढी. आमच्या भागात पुरात तिची नाव करतात, जुनी रीत आहे. मी मामीला आणि आजीला आणायला गेलो होतो आणि स्वतःच अडकलो. काहिलीत मामी, आजी, मामाची दोन पोरं, मी आणि एक वासरू. मामा छातीएवढ्या पाण्यात काठ धरून ढकलत होता. निघायच्या आधी त्यानं एकच सांगितलं, "कुणी उठायचं न्हाई. आकाश कोसळलं तरी बूड हलवायचं न्हाई."

वेशीजवळ आल्यावर आजीला आठवलं की करंडा राहिला. ती ताडकन उठली, वाड्याकडं बघायला. काहील एका अंगाला गेली, ओंजळभर नव्हे, घागरभर पाणी आत आलं, वासरू बिथरलं, पोरांनी मला मिठी मारली. मामा स्वतःच्या आईवर असा ओरडला की तसा तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता. "बस! न्हाईतर मी हितं सोडून जातो." आजी बसली. नंतर चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. आजी निष्काळजी होती का? ऐंशीची बाई, करंड्यात नवऱ्याच्या हातचे दोन मणी होते. पण तिच्या त्या एका उठण्यात आम्ही सहाजण आणि वासरू होतो.

पुढं कधीतरी केरळातल्या थेक्कडीच्या अपघाताचं वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. ३० सप्टेंबर २००९. मुल्लपेरियार धरणाच्या पाण्यात पर्यटन महामंडळाची दुमजली बोट, नवी कोरी. काठावर जनावरं दिसली म्हणून लोक एका बाजूला सरकले आणि बोट आडवी झाली. ४५ माणसं गेली. त्यातल्या कुणाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी फक्त दोन पावलं सरकलो.

मग २०१९. ऑगस्टचा पहिला आठवडा. कोल्हापुरात त्या दिवसांत माणसं एकमेकांना नमस्कार करत नव्हती, "किती फूट झालं?" असं विचारत होती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली आणि आंबेवाडी पाण्यात. चिखलीकरांना सोनतळीला जागा दिलेल्या आहेत, पण गोठा, शेत, वैरण गावात, मग माणूस झोपायला तिकडं कसा जाणार? मामा सत्तरी ओलांडलेला, काहील केव्हाच मोडीत गेलेली. या वेळी एनडीआरएफची रबरी बोट आली. मी आंबेवाडीच्या बाजूला रस्त्यावर थांबलो होतो, पुढचं मामानं आणि मामीनं सांगितलेलं.

बोटीवर पंचविशीतला जवान. त्यानं आधी प्रत्येकाला जाकीट चढवलं, पट्टे स्वतः ओढले, मग बसवलं, मग मोजलं. माणसं भरली. गल्लीतले दोघं बाकी राहिले, मामाच्या लहानपणापासूनच्या ओळखीतले. मामा म्हणाला, बसतील की कडेला. जवान म्हणाला, "नहीं बैठेंगे चाचा, अगली फेरी." मामानं पुन्हा सांगितलं, आवाज चढवला, हे गाव माझं आहे वगैरे. जवानानं मोटार चालू केली. ते दोघं गच्चीवर उभे राहून बघत राहिले आणि मामानं मान खाली घातली. दीड तासानं तेही आले. सुखरूप.

रात्री छावणीत चहा पिताना मामा जे बोलला ते मी विसरलो नाही. "त्या पोराचं बरोबर हुतं. त्याच्या जागी मी असतो तर घेतली असती दोघांना. न्हाई म्हणाय जीभच उचलली नसती. गल्लीतली माणसं ती."

आणि त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलीकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. गाव चहूबाजूंनी पाण्यात, बोट गावाचीच, चढणारे गावकरी, चालवणारेही गावातले. बायका, लहान लेकरं. डझनाहून जास्त माणसं एका फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी फोनवर फोटो फिरले, त्यात एका आईच्या कुशीतलं बाळ. त्यावर लोकांनी लिहिलेलं मी वाचलं: एवढी माणसं कशाला बसली, अक्कल नको का. मला राग आला होता, अजून येतो. पाणी घराच्या पायऱ्या चढतंय, दुसरी फेरी होईल की नाही ठाऊक नाही, हातात पोर आहे, तिथं मागं कोण राहणार? याला निष्काळजीपणा म्हणायचं? आणि नावेवर उभा असलेला माणूस कुणाला म्हणणार, वहिनी, तुम्ही उतरा? मामाची जीभ उचलली नसती, माझीही नसती.

तेव्हापासून कायदा माणसाला त्याच्याच बेफिकिरीपासून वाचवू शकतो का, असं कुणी विचारलं की मला बसणारी माणसं आठवतच नाहीत. दोरी सोडणारा आठवतो. त्याला नाही म्हणता यायला हवं. त्याच्या अंगावर वर्दी असो, पाठीशी नियम असो, किंवा निदान लेका मला दंड बसेल हे सांगायची सोय असो. कायद्याचा उपयोग मला तेवढाच दिसतो, आणि तो थोडा नाही. ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना तोंड लपवायला जागा लागते.

माझ्याकडं एक वकील गाडीच्या सीटा घालायला आले होते, त्यांना मी हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, इंग्रजानं हेच लिहून ठेवलंय. १८६० च्या दंडविधानात कलम २८२ होतं: भाडं घेऊन माणसांना धोक्याच्या किंवा जादा भरलेल्या नावेतून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बसणाऱ्याला नाही, नेणाऱ्याला. नव्या न्याय संहितेत ते २८४ झालं, कैद तेवढीच, दंड पाच हजार. "एकशे चौसष्ट वर्षांत पाच पट," वकील म्हणाले, "तेवढ्यात तुमच्याकडं सीट कव्हरसुद्धा येत नाही." यंत्राच्या बोटींसाठी १९१७ चा कायदा होता, तो जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आला. नोंदणी, बोटीची तपासणी, चालवणाऱ्याचा परवाना, जीव वाचवायचं सामान, सगळं त्यात आहे. वल्ह्याच्या नावांचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हावी असं त्यात लिहिलंय. कागदावर कमी काही नाही, असं वकिलांचं मत पडलं. पैसे मात्र त्यांनी दोनशे कमी दिले.

आता मी दुसऱ्याला शहाणपण शिकवतोय असं वाटायच्या आत माझं स्वतःचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही आठ मित्र एका धरणावर गेलो होतो. सगळे पन्नाशीच्या आसपास, पोटं सुटलेली, तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून झालेला, आणि दोघांनी त्याआधी आणखी काही घेतलेलं. बोटीवरचं पोरगं एकोणीस-वीसचं. त्यानं जाकिटं पुढं केली. "काका, घाला की. मालक ओरडतोय." आम्ही हसलो. एक जण म्हणाला, "आरं, आम्ही पंचगंगेत शिकलोय, तू कुठल्या टाकीत शिकलास?" दुसऱ्यानं जाकीट मांडीखाली घेतलं, बसायला मऊ. मी काय केलं? मी ते हातात घेऊन शिलाई बघितली, धंद्याची सवय, आणि बाजूला ठेवलं. फोटोत पोट दिसू नये म्हणून बाकीचे अंगावर घेतील असं वाटलं होतं, तेही नाही.

मध्यावर गेल्यावर सेल्फीसाठी पाच जण एका बाजूला उभे राहिले. बोट कलली. पाणी काठावरून आत आलं, मित्राचा फोन तळाला गेला. आम्ही एकदम खाली बसलो, आजीसारखे. कुणी काही बोललं नाही. पोराचा चेहरा पांढराफटक, ओठ हलत होते, आवाज नव्हता. काठाला लागल्यावर आम्ही त्याला पाचशे रुपये दिले आणि मालकाला सांगू नको म्हणालो. म्हणजे आम्ही त्याची नाही म्हणायची सोय पैसे देऊन काढून घेतली. पंचगंगेत शिकलेली आठ माणसं.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला आहे. तिकडं तळी म्हणजे समुद्रच, माणसं घरच्या दारात गाडीसारखी बोट ठेवतात. त्याला मी मोठ्या आदरानं विचारलं, तिकडं कडक असेल ना? तो म्हणाला, मामा, सहा वर्षांच्या आतलं पोर बोटीत उघड्यावर बसलं असलं तर बोट चालू असताना अंगात जाकीट पाहिजे. मोठ्यांसाठी केंद्राचा नियम असा की माणशी एक जाकीट बोटीत पाहिजे, अंगात असलंच पाहिजे असं नाही. मग त्यानं त्यांच्या कोस्ट गार्डचे आकडे पाठवले. २०२२ साली हौशी बोटींच्या अपघातांत ६३६ माणसं गेली. मरणाचं कारण कळलं त्यांतली पाऊणभर बुडून. आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जाकिटाची नोंद मिळाली त्यांतल्या शंभरातल्या पंच्याऐंशींच्या अंगात ते नव्हतं. आता यातल्या किती बोटींत जाकीट होतं ते मी काही मोजलेलं नाही, पण कुठं असतं ते सांगू शकतो. सीटखाली, पिशवीत, घडी घालून. नियम म्हणतो बोटीत असावं, ते बोटीत इमानदारीनं असतं. मिशिगनची सीट आणि आमच्या मित्राची मांडी यात फरक फक्त थंडीचा.

गेटवेचं उदाहरण उलटं आहे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचवर नौदलाची स्पीड बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालली होती. प्रवासी आपापल्या जागी बसलेले, त्यांचा काडीचा दोष नाही. पंधरा माणसं गेली. त्यानंतर तिथं जाकीट सक्तीचं झालं. पुढच्या महिन्यात माझा साडू गेला होता. चढताना सगळ्यांच्या अंगात, तो म्हणाला. घारापुरी दिसायला लागेपर्यंत निम्म्यांची बक्कलं सुटलेली. उकडतं.

आता माझं जाकिटांचं.

२०२३ च्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. कुठलं, कुठल्या पाण्यावरचं, ते लिहीत नाही. त्याच्या बोटी होत्या. हातात एक जुनं जाकीट, नमुन्याला. "अशी पंचवीस पाहिजेत. आठवड्यात साहेब येणार हाईत तपासायला." बाजारातलं चांगलं जाकीट घ्यायचं तर तिप्पट पैसे पडत होते. मी दर सांगितला, त्यानं पाडला, मी होय म्हटलं. मे महिना, लग्नसराई, टेम्पोवाले कुणी सीटा घालत नाहीत, कारागिरांचा पगार अंगावर. मी विचारलं, आत काय भरू? तो म्हणाला, "भरा की कात्रण. लटकवायचीच हाईत."

नारिंगी रेक्झिन, निळी पायपिन म्हणजे शिवणीवरची गोल कड, काळी नवार पट्टी, पुढं दोन बक्कलं. आत सीटच्या स्पंजचं कात्रण. खोटं कशाला बोलू, दिसायला नमुन्यापेक्षा सुबक झाली होती. शिट्टीसुद्धा लावून दिली, खेळण्याच्या दुकानातली. साहेब आले, हुकावरची जाकिटं मोजली, पंचवीस भरली, कागद झाला. गिऱ्हाइकानं वाडीची बासुंदी पाठवून दिली आणि आम्ही दुकानात सगळ्यांनी मिळून खाल्ली.

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तळ्यात सहलीची बोट उलटली. बारा पोरं आणि दोन शिक्षिका. बोटीत मावतील त्याहून कितीतरी जास्त बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगात जाकिटं नव्हती. टीव्हीवर ते चाललं होतं आणि मी दुकानात बसलो होतो, आणि समोर खुंटीला सव्विसावं लटकत होतं. मापाला म्हणून आधी शिवलेलं.

मी ते काढलं. दुकानामागं दोनशे लिटरचं पिंप आहे. जाकिटाला किराणावाल्याचं पाच किलोचं वजन बांधलं. पाण्यात माणसाचं शरीर बरंचसं आपणहून तरंगतं. तोंड वर ठेवायला चार-पाच किलोची उचल मिळाली तरी पुरते, हे एका चांगल्या जाकिटाच्या पट्टीवर वाचलं होतं. सोडलं. तरंगलं. मला इतकं हायसं वाटलं की मी चहा सांगितला. चहा संपेपर्यंत खांदे ओले झाले होते. पोऱ्या पेले घेऊन गेला तेव्हा नुसती पायपिन दिसत होती, निळी. मग तीही दिसेना.

स्पंज पाणी पितो हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकतीस वर्षं स्पंज कापणाऱ्याला हे माहीत नसेल तर कुणाला असणार? पावसात भिजलेली ट्रॅक्टरची सीट मी रोज पिळतो. जाकिटात लागतं ते वेगळं, पॅकिंगवाल्याकडं जाड पांढरं शीट मिळतं, ईपीई म्हणतात त्याला. त्याचा प्रत्येक बुडबुडा बंद असतो, पाणी आत शिरत नाही. आणि ते छातीला जास्त, पाठीला कमी आणि मानेमागं थोडं असं भरावं लागतं, म्हणजे शुद्ध हरपलेल्या माणसाचंही तोंड आभाळाकडं राहतं. हे सगळं मी नंतर बघून घेतलं. आधी बघायला कुणी बंदी केली नव्हती.

कायदा मोडला होता का मी? मला धड सांगता येत नाही. साहेबांना पंचवीस पाहिजे होती, पंचवीस होती. बोटवाल्यानं मागितली तशी दिली. कात्रण हा शब्दही त्याचाच. पण दोरी सोडणाऱ्यांत मीही होतो, आणि मामासारखी माझी जीभ उचलली नाही. शेजाऱ्यासाठी अडली असती तर गोष्ट वेगळी. माझी पगाराच्या तारखेसाठी अडली.

रविवारी मित्राची ओम्नी घेतली, ईपीईची शीटं, दोरा, सुया घेतल्या आणि गेलो. बोटवाला उसाचा रस पीत बसला होता. म्हणाला, "कशाला उगंच ताप करून घेताय? आजवर एक माणूस बुडालं न्हाई हितं." मी म्हटलं, फुकट करून देतो. मग त्याची हरकत नव्हती. झाडाखाली बसून एकेक उसवलं, कात्रण काढलं, शीट भरलं, हातानं टाके घातले. तीन रविवार गेलो. प्रत्येक वेळी काम झालेली जाकिटं त्याच्याच पाण्यात टाकून बघितली, वर बसायला त्याच्या पोराला सांगितलं.

एकोणीस झाली. सहा नव्हती. "दोन पाव्हण्यानं नेली, त्येचीबी बोट हाय. बाकीची कुठं गेली बघाय पायजे," तो म्हणाला. पाव्हण्याचा फोन लागला, त्यानं पुढं कुणाला तरी विकली होती. तिथून पुढं माग नाही. मी कुठंही पाण्याच्या कडेला गेलो की आधी हुक बघतो. रंकाळ्यावर जाऊन बघितलं, आणखी चार ठिकाणी. जाकीट मुठीत दाबतो. शीट असलं की चरचरतं, कडक लागतं. स्पंज असला की मूठ बंद होते. पोरं विचारतात, "काका, माप बघताय व्हय?"

तर तो कागद. सकाळी मी "स्वतःच्या जबाबदारीवर" खाली रेघ मारून सही केली आणि बाजूला लिहिलं, एका बोटीत किती मुलं व ती कोण मोजणार ते कळवावे. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी तिच्या सरांचा फोन आला. तरुण मास्तर, बिचारा घाबरून बोलत होता. "साहेब, ते छापील आहे, त्याला काही अर्थ नसतो." मी म्हटलं, अर्थ नसतो तर छापता कशाला? जरा थांबून तो म्हणाला, "मी मोजीन. बोटवाल्यानं जास्त चढवली तर मी उतरवीन." त्याच्या आवाजावरून मला ते खरं वाटलं. निदान तो आमच्या गल्लीतला नाही.

संध्याकाळी धाकटीला दुकानात बोलावलं, सव्विसावं जाकीट तिच्या हातात दिलं आणि दाबायला लावलं. मग शीट दाबायला लावलं. दोन-तीनदा. डोळे मिटूनही करून बघितलं तिनं, हसत. मी सांगितलं, नारिंगी रेक्झिन आणि निळी पायपिन दिसली तर घालायचं नाही, बोटीतही बसायचं नाही, तिथूनच मला फोन करायचा.

"आणि सर म्हणाले घाल, तर?"

मी जाकीट खुंटीला अडकवलं. मग फोन काढून सरांचा नंबर लावला. त्यांना त्या सहांचं सांगावं लागणार होतं, आणि ती कुणी शिवली तेही.